राणूची वाघर आणि चावडीतला संगणक

हिवरदरा गावातून एक आवाज नाहीसा झाला होता.

आता आवाज नाहीसा होईल कसा? भांडं जाईल, कोंबडी जाईल, फार तर सायकल जाईल. पण सरपंच स्नेहलताई इंगवले यांच्या आईचा आवाज गेला होता आणि तो कुठे गेला हे गावात कुणालाच सांगता येईना. आई, म्हणजे सुनंदाबाई, वारून बरेच दिवस झाले होते. जाण्याआधी लेकीनं त्यांना चावडीतल्या संगणकासमोर बसवून पुष्कळ बोलतं केलं होतं. लोणच्याला मोहरी कशी फेसायची, ओढ्याला पूर आला तेव्हा म्हैस कुणी वाचवली, शेजारणीशी भांडण कशावरून झालं आणि ते मिटलं कसं, असं सगळं. कामाचा शीण आला की स्नेहलताई चावडीत यायच्या, कानाला यंत्र लावायच्या आणि आईचं भांडण ऐकून एकट्याच हसायच्या. त्या दिवशीही त्या तशाच आल्या आणि पाहतात तो पडदा कोरा.

त्या ओरडल्या नाहीत की कुणाला रागावल्या नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. शिपायानं आणून ठेवलेला चहा तसाच निवून गेला.

ही गोष्ट अजून घडायची आहे, पण फार लांबची नाही. तुमच्यातल्या काहींची मुलं शाळेत जातील, तेव्हाची आहे. त्या काळात दुष्काळी पट्ट्यातल्या प्रत्येक गावाला एक सार्वजनिक संगणक (सगळ्या गावानं मिळून वापरायचं यंत्र) मिळालेला होता. छपरावरची थाळी उपग्रहाशी बोलायची आणि खालचा संगणक माणसांशी. तळ्याचं पाणी कधी सोडायचं ते तो सांगायचा, मुलांना धडे द्यायचा आणि शंभर कोसांवरच्या डॉक्टरला गावातल्या रोग्यासमोर आणून बसवायचा.

हिवरदऱ्याच्या चावडीला कधीच कुलूप नव्हतं आणि गावाला त्याचा अभिमान होता. संगणक आला तेव्हा ग्रामसभेत टाळ्यांच्या गजरात ठरलं, की इथे लहानमोठा कुणी नाही, सगळे सारखेच मालक. म्हणून संगणकावर एकच खातं (यंत्राला आपली ओळख सांगण्याची जागा) उघडलं. खात्याचं नाव 'गाव'. पासवर्ड कुणाला विसरायला नको म्हणून पेंटरकडून ऑइलपेंटनं भिंतीवरच रंगवून घेतला. शेजारी कमळाचं फूलही काढलं होतं त्यानं. मोठ्या मनानं केलेली चूक होती ती. अशी चूक लवकर कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती करताना सगळ्यांना फार बरं वाटत असतं.

त्याच दिवसांत माळावर मायाप्पाचा वाडा उतरला होता. वाडा म्हणजे मेंढपाळ धनगरांचा मुक्काम. ही माणसं चाऱ्याच्या मागं गावोगाव चालतात. शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलावतात, रानाला खत मिळतं आणि मेंढपाळाच्या घरात धान्य येतं. मायाप्पाची मुलगी राणू अकरा वर्षांची होती. तिचा धाकटा भाऊ धुळा पाच वर्षांचा, पण तीन वर्षांचा वाटायचा. त्याच्या हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होतं. चार पावलं पळाला की ओठ निळे पडायचे.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीवर चिकटवायला एक चकती दिली होती, सदऱ्याच्या बटणाएवढी. रोज सकाळी ती संगणकाजवळ नेली, की बाई तिकडे बसून धुळ्याचं हृदय ऐकायच्या. ऑपरेशन कधी करायचं, ते त्या ऐकण्यावरून ठरायचं होतं. "एकही दिवस चुकवू नका," असं त्यांनी राणूच्या आईला, हौसाला, दोनदा बजावलं होतं. माळावर फोनला रेंज नव्हती. चावडीतला संगणक एवढाच काय तो आधार होता.

सरपंचांनी तालुक्याहून मदत मागवली, तेव्हा चाकांवर चालत सोबती आला. सोबती हा फिरता यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). उंची राणूएवढी, डोकं कुकरएवढं आणि बोलणं असं शुद्ध, की पोरं त्याच्या मागं त्याची नक्कल करत फिरायची. त्यानं संगणकाला आपली तार जोडली आणि आतलं सगळं तपासलं. चावडीत माणसं दाटीनं बसली होती. मागं दाराशी हौसा उभी होती, कडेवर धुळा, बाजूला राणू.

"ताई," सोबती शेवटी म्हणाला, "आवाज कुणी चोरला नाही. तो पुसला गेला आहे."

"पुसलेलं परत येतं म्हणतात," स्नेहलताई म्हणाल्या.

"काही वेळा येते. आपण एखादी गोष्ट पुसतो तेव्हा संगणक ती लगेच नष्ट करत नाही. तो फक्त तिच्या खोलीवरची पाटी काढतो आणि खोली रिकामी आहे असे समजतो. दुसरे कुणी राहायला येईपर्यंत जुने सामान आतच असते. परंतु तुमच्या संगणकावर रोज गर्दी असते. आवाजाच्या खोल्यांमध्ये आता शाळेचे धडे आणि पिकांची छायाचित्रे राहायला आली आहेत. राखीव प्रत (मूळ वस्तू हरवली तर वापरायची दुसरी नक्कल) कुठे ठेवली होती का?"

स्नेहलताईंनी नकारार्थी मान हलवली. आईचा आवाज चावडीत सुरक्षित राहील असं त्या धरून चालल्या होत्या.

"म्हणजे गेला?"

"गेला, ताई."

मग विक्रमनाना उठले. नाना पंचायतीचे जुने सदस्य, मनानं वाईट नव्हते, पण तोंडानं तिखट. ते म्हणाले, "कोणी पुसला ते सांग की मर्दा. तुझ्या त्या यंत्रात दिसत असंल."

"दिसते. 'गाव' या नावाने पुसला."

"आरं, पर गावातल्या कुणी?"

"ते यंत्राला माहीत नाही. सगळे एकाच नावाने आत येतात. यंत्राच्या लेखी हिवरदऱ्यात एकच माणूस राहतो."

कुणीतरी हसलं. नानांनी मागं वळून दाराकडे पाहिलं. "आतापातुर काय झालं नव्हतं. भाईरची माणसं बसाय लागली आन् हे झालं. म्या कुणाचं नाव घेत न्हाई."

नाव न घेताही सगळ्यांच्या माना हौसाकडे वळल्या. हौसानं धुळ्याला छातीशी घट्ट धरलं. "पुरावा नाही," सोबती म्हणाला, आणि ते खरंच होतं. या जगात कुठल्याच यंत्राला, कुठल्याच तपासाला ते नाव कधी सापडलं नसतं.

राणूला मात्र सोबती पुसण्याबद्दल बोलायला लागला तेव्हाच कळलं होतं, की हे आपल्याच हातून झालं. आता आपण बोललो तर धुळ्याचं काय होईल, हेही तिला कळत होतं. ती गप्प राहिली असती तर तिला कुणी दोष दिला नसता. तुम्हीआम्ही काय केलं असतं, देव जाणे. राणू पुढं आली.

"म्या पुसलं," ती म्हणाली.

"गप, राणे," हौसा कुजबुजली.

"म्याच पुसलं. आमचा वाडा उठतो तवा आई जागा झाडून घेती. चुलीतली राख, सुतळीचं तुकडं, समदं. मागनं येणाऱ्याला आपली घाण दिसू नये म्हणून. त्या पडद्यावर लई काय काय सांडल्यावानी दिसत हुतं. नाव न्हाई, गाव न्हाई, नुसतं आकडं. मला वाटलं, आदल्या माणसांचा केर हाय. मग उठताना झाडून काढलं."

स्नेहलताईंनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "एकदा तरी उघडून बघायचंस गं. काय आहे ते."

"दुसऱ्याचं कसं उघडायचं, ताई?"

रागावायला जागाच राहिली नाही आणि दुःख तर तसंच होतं. स्नेहलताईंनी पदरानं डोळे टिपले आणि कुणाकडेही न बघता त्या म्हणाल्या, "भिंतीवरचा पासवर्ड बदला. नवा फक्त गावातल्यांना द्यायचा."

"ताई, माज्या धुळ्याचं..." हौसा दारातून म्हणाली.

"मला आत्ता काही सुचत नाही, बाई. खरंच सुचत नाही."

त्यांनी हे कठोरपणानं म्हटलं नव्हतं. आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं की माणसाला दुसऱ्याचं लेकरू दिसत नाही, एवढंच. पण एवढ्यानंही धुळ्याचं हृदय आता कुणी ऐकणार नव्हतं.

"मला एक शंका आहे," सोबती म्हणाला. "नवा पासवर्ड ज्याला कळेल तो पुन्हा मालकच होणार ना? उद्या नानांच्या नातवाने चुकून तळ्याचे वेळापत्रक पुसले तर?"

"माझा नातू हुशार हाय!" नाना उसळले.

"राणूही हुशार आहे, नाना."

नाना खाली बसले.

"तुम्ही दोन गोष्टी एक केल्या आहेत," सोबती सांगू लागला. "आत येण्याची मोकळीक वेगळी आणि आतले बदलण्याचा अधिकार वेगळा. चावडीत कुणीही येऊन बसावे. परंतु म्हणून प्रत्येकाने चावडीची भिंत पाडावी काय? संगणकात प्रत्येकासाठी निराळे खाते करता येते. एक प्रशासक खाते (ज्याला सगळे बदलता येते ते). गावकऱ्यांची आपापली खाती. आणि एक पाहुणा खाते. पाहुण्याला ठरावीक कामे करता येतात, इतरांच्या वस्तू त्याला दिसतसुद्धा नाहीत. याला म्हणतात न्यूनतम अधिकाराचे तत्त्व (ज्याचे जेवढे काम, त्याला तेवढेच हक्क)."

पण गावाला ते काही रुचलं नाही. नाना म्हणाले, "म्हंजी पाव्हण्याला बलवायचं आन् त्याचं हात बांधायचं? आपल्यात ही रीत न्हाई." इतरांनीही माना डोलावल्या. बंद करायचं तर सरळ बंद करा, पण दारात घेऊन अपमान नको, असं एकंदर मत पडलं. सोबतीनं तत्त्व पुन्हा एकदा, अधिक शुद्ध मराठीत सांगितलं. त्यानं घोटाळा वाढलाच.

राणू अजून तिथंच उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण डोकं चाललं होतं.

"वाघर!" ती एकदम म्हणाली.

सोबतीनं मान वळवली. "हा शब्द माझ्याकडे नाही. वाघर म्हणजे काय?"

"मेंढरं बसवायची जाळी. दोरीची आसती." राणूनं हातांनी हवेत गोल काढला. "नानांच्याच रानात लावलीया की आमी. सांच्याला मेढी, म्हंजी लाकडी खुंट, रोवायच्या, भवतीनं वाघर लावायची आन् मेंढरं आत घालायची. आत ती बसत्यात, उठत्यात, रवंथ करत्यात. पर शेजारच्या ज्वारीत जाता येत न्हाई. मेंढरू काय वंगाळ नसतं, ताई. त्याला कळत न्हाई ज्वारी कुणाची. तवा त्याला मारून काय हुतंय, रान राखाया पायजे."

"आणि मेंढराचा अपमान होत नाही?" स्नेहलताईंनी विचारलं.

"कशाचा अपमान? वाघर नसली तर लांडगा न्हाई का येणार? ती दोन्हीकडनं राखती. रानाला मेंढरापासनं आन् मेंढराला लांडग्यापासनं. सकाळी गुंडाळून उचलली की जागा मोकळी."

हे ऐकलं आणि इतका वेळ भिंतीला टेकलेली हौसा बोलली. तिला ग्रामसभेत बोलायची सवय नव्हती, त्यामुळं ती जमिनीकडे बघत बोलली. "आमालाबी वाघर पायजे हुती, ताई. डाक्टरीणबाई जे सांगायच्या ते मागं पडद्यावर तसंच ऱ्हायाचं. पुढं बसणारी माणसं वाचायची. हापशावर बाया मला इचारत्यात, पोराच्या काळजाला भोक हाय म्हणं, जगंल का? पोराम्होरं इचारत्यात."

पुढच्या रांगेतल्या दोनतीन बायांनी खाली पाहिलं.

"बरोबर आहे," सोबती हळू म्हणाला. शुद्ध बोलणाऱ्या यंत्रालाही हळू बोलावंसं वाटत असेल, कुणी सांगावं. "पाहुणा खात्यात बसलेला माणूस उठला, की त्याने पाहिलेले, लिहिलेले, ऐकलेले सर्व यंत्र स्वतः पुसून टाकते. नंतर येणाऱ्याला कोरी जागा मिळते. राणूला झाडण्याची गरज उरत नाही. आणि झाडायचे म्हटले, तरी तिला फक्त स्वतःचेच झाडता येते."

स्नेहलताई उठल्या. "लाव," त्या म्हणाल्या. "आधी मला दाखव, मग मी ठरवते."

काम सुरू झालं आणि पोरं सोबतीच्या भोवती कोंडाळं करून बसली. सगळ्यात आधी पेंटरला बोलावून भिंतीवरचा पासवर्ड खरवडला. कमळ राहू दिलं. मग प्रशासक खात्याची किल्ली (मालकाचा गुप्त पासवर्ड) नवी केली आणि तिचे दोन भाग केले. अर्धा सरपंचांनी लक्षात ठेवायचा, अर्धा शाळेच्या मुख्याध्यापकांनी. दोघं एका जागी आल्याशिवाय यंत्रातलं मुळातलं काही बदलणार नाही. "मी आजारी पडले तर?" स्नेहलताईंनी विचारलं, तेव्हा एक जादा किल्ली तालुक्याच्या तिजोरीत ठेवायचं ठरलं. गावकऱ्यांच्या प्रत्येक खात्याची राखीव प्रत रोज शेजारच्या गावाच्या संगणकात जावी, असंही सोबतीनं जुळवलं. त्या वेळी स्नेहलताई उठून बाहेर पाणी प्यायला गेल्या. पाणी पिऊन लगेच आल्या नाहीत.

पाहुणा खात्याला काय काय द्यायचं, यावर बराच वाद झाला. डॉक्टर हवेत, हवामान हवं, तळ्याचं वेळापत्रक बघायला हवं, शाळेचे धडे हवेत, लांबच्या माणसाशी बोलणं हवं. नानांना पाहुण्यांसाठी कुस्त्यांची चित्रंही हवी होती आणि ती मंजूर झाली. तळ्याची दारं, गावाच्या फायली, नवे प्रोग्राम (संगणकाला कामं शिकवणाऱ्या सूचना) बसवणं, हे सगळं वाघरीच्या बाहेर राहिलं. कुणी न सांगता उठून गेला, तर काही मिनिटं वाट पाहून खातं आपोआप बंद व्हायचं होतं.

"आन् मागनं कुणी वाकून बघितलं तर?" राणूनं विचारलं.

"ते यंत्राला थांबवता येत नाही," सोबती म्हणाला. "वाघर सगळे करत नाही. काही राखण माणसांनाच करावी लागते."

शेवटी त्यानं आपली तार काढली. "कामापुरता अधिकार सरपंचांनी मला दिला होता, तो मी परत केला आहे. आता मीही येथे पाहुणाच."

स्नेहलताई खुर्चीत बसल्या. आपल्याच गावच्या चावडीत पाहुणी म्हणून आत गेल्या. कोरा पडदा, त्यावर मोजकी चित्रं. त्यांनी मुद्दाम गावाच्या फायली शोधल्या, त्या दिसल्याच नाहीत. तळ्याचं वेळापत्रक उघडून पुसायला गेल्या, तेव्हा पडद्यावर अक्षरं आली : 'हे तुम्हाला पाहता येईल, पुसता येणार नाही.' ती ओळ त्या कितीतरी वेळ वाचत राहिल्या.

"ही वाघर आधीच लावली असती तर आई राहिली असती," त्या म्हणाल्या. मग राणूकडे वळल्या. "तुझ्यावरचा राग अजून गेला नाही माझा. जाईल. तू बोलली नसतीस तर मी जन्मभर सगळ्या गावाकडे संशयानं बघत बसले असते. धुळ्याला आण इकडे."

हौसानं धुळ्याला खुर्चीत बसवलं. राणूनं चकती चिकटवली. पडद्यावर डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी पहिल्याछूट विचारलं, "आज इतका उशीर? मी काळजीत होते." सवयीप्रमाणं सगळी चावडी पुढं सरकली. धुळ्याच्या छातीतला आवाज ऐकायला कुणाला नको होता?

तेवढ्यात स्नेहलताईंनी टाळी वाजवली. "उठा. सगळे बाहेर. नाना, तुम्हीसुद्धा."

"आगं, म्या काय करतोय? कोपऱ्यात बसतो की."

"बाहेर, नाना."

माणसं कुरकुरत उठली. कुलूप नसलेल्या त्या चावडीचं दार त्या दिवशी पहिल्यांदाच लोटलं गेलं. जुनं दार होतं, जमिनीला घासत होतं, पण लागलं. आणि हिवरदऱ्याच्या सरपंच दाराला पाठ लावून भर उन्हात बाहेर उभ्या राहिल्या. आत काय चाललंय ते त्यांना ऐकू येत नव्हतं आणि त्या ऐकायचा प्रयत्नही करत नव्हत्या.

बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं आणि राणू बाहेर आली. चेहरा उजळलेला, पण अजून घाबरलेला. ऑपरेशन होणार होतं, बहुधा पुढच्या थंडीत. तोवर मात्र रोज ऐकणं आलं. "पर आमी आठ दिसांत हितनं उठणार," ती म्हणाली. "चारा संपला. पुढल्या गावात बसू दितील का, काय ठावं. समद्या गावांत थोडीच वाघर आसंल?"

स्नेहलताईंनी कमरेचा फोन काढला. सोबतीलाही हाक मारून जवळ बोलावलं.

"तुमची वाट सांग मला," त्या म्हणाल्या. "थंडीपर्यंत कुठून कुठून जाणार ते. एकेका गावचं नाव घे, मी तिथल्या सरपंचांना फोन लावते आणि सोबती तुमच्या आधी तिथं वाघर लावायला पोचतो."

राणूनं डोळे मिटले. मनातल्या मनात ती मेंढरांच्या पाठीमागं चालायला लागली, माळ उतरली, ओढा ओलांडला, आणि तिनं पहिलं गाव सांगितलं.